मंगल कार्यालयातली बर्फाची हॉकी

आमचे सर खाली बसलेले मी कधी पाहिले नाहीत. न्हाव्याच्या खुर्चीत बसत असतील, पण तिथं काही मी गेले नव्हते. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, पेपर चालता चालता. कोणाच्या घरी गेले की घरच्यांनी खुर्ची पुढं करायची आणि सरांनी त्या खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं, हे ठरलेलं. बोलताना ते समोरच्या माणसाभोवती गोल फिरायचे. माझी आई म्हणायची, "तुह्या सराशी दोन गोष्टी बोलल्या का मले चक्कर येते."

आणि हा माणूस आम्हां पोरींना सकाळपासून एकच शब्द ओरडून सांगायचा. "बस!"

बस म्हणजे गुडघे वाकव. बूड खाली, पाठ सरळ, मान वर. आइस हॉकीचं अर्धं शिक्षण म्हणे एवढंच असतं. हो, आइस हॉकीच म्हणाले मी. दारव्ह्यात. मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटते आणि बर्फ म्हटलं की गोळेवाल्याची गाडी आठवते, त्या गावात आमचे सर बर्फावरची हॉकी शिकवायचे. हसू आलं असेल तर हसून घ्या, सारं गाव हसून झालं आहे.

मी आता बसमध्ये कंडक्टर आहे. धावत्या गाडीत दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असतात, गाडी खड्ड्यातून जाते, माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मी तशीच उभी असते. ड्रायव्हरभाऊ आरशात पाहून विचारतात, "ताई, तुमी पडत कशा नाई?" मग या माणसाची गोष्ट निघते. दोन थांब्यांच्या मध्ये ती कधी पुरी होत नाही, आणि अर्धी ऐकून लोक भलतंच काही सांगत फिरतात. म्हणून एकदाची सगळी सांगून टाकते.

सर दारव्ह्याजवळच्या तांड्यातले. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, आणि राग आला की फौजेतली हिंदी. सतरा वर्षं फौजेत होते, त्यातले तीन हिवाळे लडाखकडे. हॉकी तिकडून आणली. परत आले तेव्हा लोक म्हणाले, फौजी माणूस आहे, कुठंतरी सिक्युरिटीला लागेल. लागलेही. एका एटीएमवर चार दिवस. तिथं बसायला स्टूल होतं. पाचव्या दिवशी ते स्टूल उचलून त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आले. घर काकू चालवायची, सरांची बायको. तिची पिठाची चक्की होती. काकू म्हणायची, "माह्या घरी दोन चक्क्या हायेत. एक लाइनीवर चालते, दुसरी बिनलाइनीची फिरते."

सरांना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणायची. सर तेव्हाही दारातून चक्कीपर्यंत आणि चक्कीतून दारापर्यंत फिरत असायचे.

आमचं मैदान म्हणजे गावाबाहेरचं एक मंगल कार्यालय. त्याचा मालक सरांचा शाळेतला दोस्त. कोटा फरशी, चांगली घोटलेली, सकाळी तिच्यात तोंड दिसायचं. मालकाची अट एकच होती, लग्न नसेल तेव्हा वापरा. आता दारव्ह्यात लग्नं नसतात कधी? चातुर्मासात. साऱ्या जगात ही हॉकी हिवाळ्यात खेळतात, आमचा सीझन आषाढीला सुरू व्हायचा आणि तुळशीचं लग्न लागलं की खलास. बाकीच्या महिन्यांत सर कॅलेंडर घेऊन मुहूर्त पाहायचे. ज्या दिवशी मुहूर्त नाही त्या दिवशी प्रॅक्टिस. त्यांच्याइतकं बारकाईनं पंचांग गावातल्या एखाद्या भटजीनंही वाचलं नसेल.

आम्ही अकरा पोरी, आणि बर्फ नाही म्हणून चाकांच्या बुटांचे सहा जोड. नागपूरहून जुने आणलेले, कोणाच्याच मापाचे नाहीत. ज्यांना मोठे होतील त्यांनी दोन-दोन मोजे घालायचे. स्टिका सरांनी सुताराकडून करून घेतल्या होत्या, खालच्या पात्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आणि ती काळी चकती, जी स्टिकेनं ढकलायची असते, ती राजूरची. सरांचा साडभाऊ तिकडं कोळशाच्या खाणीत होता. कोळसा वाहणारा रबराचा पट्टा फाटला की त्याचा तुकडा तो आणून द्यायचा. सर करवतीनं त्याच्या चकत्या कापायचे आणि पंक्चरच्या सोल्युशननं तीन-तीन एकावर एक चिकटवायचे. पायाच्या नळीला लागली की चार दिवस तिथं निळं दिसायचं. आई विचारायची, "कोनं मारलं?" मी म्हणायची, "खाणीनं."

प्रॅक्टिसच्या आधी आम्ही अक्षता वेचायचो. लग्न झालं की हॉल झाडतात खरा, पण फरशीच्या सांध्यात तांदळाचे दाणे राहतातच, आणि दाणा चाकाखाली आला की माणूस गेलाच. सर सांगायचे, "एक दाना ऱ्हायला तं एक दात गेला समजा." माझा पुढचा अर्धा दात असाच गेला. कोणाच्या लग्नातल्या अक्षतेनं गेला तेही मला माहीत आहे. ती बाई आठवड्याच्या बाजाराला आमच्याच गाडीनं येते. तिला तिकीट देताना माझी जीभ आपोआप त्या दाताकडं जाते.

आमची खरी अडचण मात्र दाण्यांची नव्हती. आम्ही साऱ्या कापूस वेचणाऱ्या घरांतल्या. सर "बस" म्हणाले की आम्ही कमरेत वाकायचो, गुडघे ताठ, मान खाली, नजर जमिनीवर. अकराच्या अकरा. दिवाळीपासून होळीपर्यंत वावरात तसंच वाकायची सवय. सर डोकं धरून आमच्याभोवती फिरायचे. "काय वेचून राह्यल्या वो बायांनो? फरशीतून कापूस निघते काय? मान वर! चकती हाताले समजली पाह्यजे. डोयानं समोरचं मानूस पाहा!"

मान काही वर जाईना. जाणार कशी? घरी सांगतात मान खाली घालून जा, रस्त्यानं सांगतात खाली पाहून चाल, आणि हा माणूस म्हणतो वर पाहा. शेवटी सरांनी एक युक्ती काढली. हॉलच्या भिंतीवर मागच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच चिकटलेली असायची, नवरानवरीची नावं. चकती ढकलत जायचं आणि ती नावं मोठ्यानं वाचत जायचं. वाचण्यात खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी तालुक्यात कोणाचं कोणाशी लग्न झालं, ते आम्हांला पाठ होतं. पण मान वर आली बाप्पा! दोन महिन्यांत आम्ही साऱ्या मान वर करून चालायला लागलो. माझ्या आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, पोट्टी शेफारली.

"बस"चा आणखी एक अर्थ असतो, पुरे. तो सरांनी आमच्या डोक्यातून पार काढून टाकला. थांबवायचं असलं की ते शिट्टी मारायचे. "बस" ऐकलं की आणखी खाली बसायचं आणि खालूनच जोर लावायचा, हे आमच्या हाडांत गेलं होतं. घरी वरण वाढताना आईला "बस" म्हणाले तरी माझे गुडघे हलायचे.

एक दिवस सरांना वाटलं, पोरींनी बर्फ तरी पाहिला पाहिजे. म्हणून ते यवतमाळला बर्फाच्या कारखान्यात गेले आणि दोन लाद्या भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून ऑटोतून घेऊन आले. आपल्याकडं बर्फाची अख्खी लादी घरी कोण नेतं? ज्याच्या घरी मयत झाली आहे आणि लेक पुण्याहून यायची आहे तो. ऑटो गावात शिरला तशी माणसं उठून उभी राहायला लागली. पानठेल्यावरच्या एकानं टोपी काढली. दोघं-तिघं तर मोटारसायकल काढून मागं निघाले, आणि मंगल कार्यालयाच्या दारात येऊन हळू आवाजात विचारतात, "सर, कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं," सर ओरडले. "पोट्ट्या शिकून राह्यल्या!"

मग त्या लाद्या फरशीवर ठेवून आम्ही एकेकीनं वर उभं राहायचं. चप्पल काढून, मोज्यांवर. दीड फूट रुंद लादी. मी चढले आणि खालून असा गार डंख आला की मी किंचाळलेच. सर माझ्याभोवती फिरत विचारत होते, "कसं वाटून राह्यलं? सांग ना, कसं वाटून राह्यलं?" मी म्हटलं, "तुमाले तं माहीत हाये ना सर." त्यावर त्यांनी घाईनं मला उतरवलं आणि दुसरीला चढवलं. मयतीला आलेली ती माणसं शेवटपर्यंत थांबली होती, आणि निघताना त्यांनी लादीचा एकेक तुकडा सरबतासाठी नेला.

थांबण्याचा धडा मात्र राहिला होता. चाकांवर थांबायचं असलं की मागचा पाय आडवा घासत न्यायचा, ते आम्हांला येत होतं. सर म्हणायचे, "हे चाकाचं थांबनं. बर्फावरचं येगळं. दोन्ही पाय एकदम आडवे, अन् बर्फाचा भुगा असा उडते, फुर्रर!" असं म्हणून ते हवेत हात उडवायचे.

"करून दाखवा ना सर."

"इथं होत नाई. बर्फावर गेलो का पाह्यजो."

मग नागपूरला चाकांवरची चाचणी झाली आणि राज्यातून पंचवीस पोरी निवडल्या, त्यांत मी होते. पंचवीस जणींनी देहरादूनला जायचं, तिथं छताखाली खऱ्या बर्फाचं मैदान आहे, पाच दिवस शिबिर, आणि शेवटी वीस जणींची टीम. माझा आनंद दीड दिवस टिकला. मग पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आली. नेमकी शिबिराच्या तिसऱ्या दिवशी.

माझे बाबा दारव्हा-यवतमाळ काळी-पिवळी चालवायचे. सर त्यांना भेटायला स्टँडवर गेले, मीही होते. जीप भरली होती, बाबा स्टिअरिंगवर. सर जीपभोवती फिरत बोलायला लागले आणि बाबा मान वळवून वळवून उत्तरं देत होते.

"फौजी, पोरगी दोन वर्षापासून धावून राह्यली भरतीसाठी. आता तारीख आली, अन् तुमी म्हन्ता बर्फावर चला?"

"भाऊ, भरती पुढच्या साली बी येईन. हे नाई येनार."

"अन् नाई घेतलं टीममधी तं?"

सर जीपच्या पुढच्या बाजूला थांबले. "तं मी पुन्हा कोनाले शिकवनार नाई. स्टिक हातात धरनार नाई. जबान देतो."

बाबा काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, "हाव, आमी आयकलं." साऱ्या सवाऱ्यांनी माना हलवल्या. अकरा साक्षीदार, नऊ सीटच्या गाडीत. बाबांनी जीप चालू केली. "जाय मंग," मला म्हणाले. "पन फौजीची जबान तुह्या पायात हाये, ध्यानात ठेव."

मला पोलीसही व्हायचं होतं आणि बर्फावरही जायचं होतं. खरं सांगते, त्या दिवशी बर्फ जास्त पाहिजे होता. मी भरती सोडली.

नागपूर ते दिल्ली सर डब्याच्या दारात उभे. तिकीट होतं, सीट होती, त्या सीटवर आमच्या स्टिका झोपून गेल्या. देहरादूनचं मैदान म्हणजे जिनिंगच्या गोदामाएवढं मोठं शेड, आणि आत शिरल्याबरोबर नाकाचं पाणी गोठेल असा गारठा. मध्ये पांढरं, चकचकीत, इकडून तिकडे. मी सरांकडं पाहिलं. सर उभे होते. म्हणजे नुसते उभे होते, पाय हलत नव्हते. ओठ मात्र हलत होते. मी विचारलं, "सर, काय झालं?" तर म्हणाले, "कडेले जरा फुगलं हाये. थर जाड टाकला कोनं तरी."

बर्फावर पहिल्या दिवशी मी जी सुटले, ती सुटलेच. काय सांगू! चाकं जड असतात, खडखडतात. इथं पायाखाली नुसतं पातं, आवाज नाही, अडथळा नाही, अक्षता नाहीत. दोन ढांगांत मी मैदानाच्या पार गेले आणि तिकडच्या कुंपणाच्या फळ्यांवर आदळले. उठले, परत सुटले, इकडच्या फळ्यांवर आदळले. थांबताच येईना. पाय आडवे टाकले की मी आडवी. बाकीच्या शहरातल्या पोरी भुगा उडवत, फुर्र करून थांबत होत्या.

तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारी मी सरांना फळीपाशी गाठलं. "सर, थांबायचं कसं? वजन कोन्या पायावर? आधी खांदा वळवाचा का पाय?"

सर फळीवरचा बर्फ नखानं खरवडत राहिले.

"सर, सांगा ना! तुमी कसं थांबत होते?"

"मी नाई थांबत होतो," सर म्हणाले. "मी कधी घातलेच नाई बाई ते बूट."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण सर माझ्याकडं पाहत नव्हते, बर्फाकडं पाहत होते. "माही पान्याची ड्युटी होती. साहेब लोकं अन् तिथले पोट्टे खेळत. मी कॅनीनं पानी आनून टाकत होतो, पातळ पातळ थर, घाई केली तं फुगते. वरचा बर्फ फावड्यानं ओढत होतो. तीन हिवाळे त्याईच्यासाठी आरसा केला. खेळ सारा पाह्यला, कोनं गुडघा किती वाकवला, मान कशी ठेवली, सारं. पन कोनी म्हनलं नाई का ये, तू बी एक चक्कर मार. अन् मी बी इचारलं नाई."

मला असा राग आला, असा राग आला की आजही लिहिताना कानशिलं तापतात. दोन वर्षं मी पहाटे धावले होते. त्याच दिवशी, त्याच वेळी, यवतमाळच्या मैदानावर माझा नंबर पुकारला गेला असेल आणि मी नव्हते. कोणासाठी? पाणी टाकणाऱ्या माणसासाठी! मी म्हणाले, "तुमी खोटारडे हाये सर. तुमी नुसतं पानी टाकत होते."

"नुसतं नको म्हनू," सर म्हणाले. बाकी सारं त्यांनी ऐकून घेतलं, मी बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटच्या दिवशी निवड होती. एकेकीनं चकती घेऊन मैदानाच्या या टोकापासून निघायचं, मधल्या शंकूंना वळसे घालायचे, पलीकडच्या रेषेवर थांबायचं. निवड करणारे साहेब हिंदीवाले होते. माझा नंबर आला. मी निघाले, बाप्पा, काय निघाले! मान वर, चकती हाताला समजत होती, एकही शंकू हलला नाही. रेषा जवळ आली. साहेबांना दिसलं की ही पोरगी थांबत नाही. ते हात वर करून ओरडले, "बस! बस!"

झालं. माझी हाडं कोणाच्या तालमीतली होती? "बस" ऐकलं आणि मी आणखी खाली बसले, आणि खालून जोर लावला.

"अरे बस! बस, बस, बस!"

मी आणखी, आणखी, आणखी बसले. रेषा गेली, साहेब बाजूला उडी मारून वाचले, मी फळ्यांवर अशी आदळले की पलीकडच्या टेबलावरचा चहाचा थर्मास खाली गेला. सगळे धावत आले. साहेब लाल झाले होते. "मैंने बस बोला ना! सुनाई नहीं दिया?"

आणि मी, हेल्मेट वाकडं, तोंडात बर्फ, तशीच उकिडवी, मान वर करून म्हणाले, "बसलेच ना मी साहेब! आता किती बसू?"

कोणीतरी मोबाइलवर ते काढलं. मी गावात पोचायच्या आधी ते दारव्ह्याच्या साऱ्या ग्रुपांवर पोचलं होतं. अजून गाडीत एखादं टारगट पोरगं मागून ओरडतं, "आता किती बसू?" मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवते.

वीस नावं वाचली, माझं नव्हतं. साहेब चांगले होते, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बैठती तू सबसे बढ़िया है बेटा. अब रुकना सीख ले." पण वीस ते वीस. सर लांब फळीला टेकून होते. त्यांनी नावं ऐकली, बोटांवर मोजली, परत मोजली आणि टोपी काढून खिशात ठेवली.

संध्याकाळची गाडी होती. बर्फ अर्धा तास मोकळा होता. मी परत बूट चढवले. कोणासाठी नाही, नुसत्या संतापानं. सुटायचं, पाय आडवे टाकायचे, पडायचं. पंधरा वेळा पडले असेन. मग एकदा काय झालं देव जाणे, खांदा आधी वळला, वजन मध्ये राहिलं, आणि दोन्ही पात्यांखालून पांढरा भुगा उडाला. फुर्रर. मी उभी होते. परत केलं, परत उभी. सरांच्या समोरच्या फळीपाशी थांबले तेव्हा भुगा त्यांच्या स्वेटरवर उडाला. त्यांनी तो झटकला नाही. चिमटीत धरून पाहत राहिले. मी बूट सोडायला बसले. परतीच्या साऱ्या प्रवासात त्यांच्याशी बोलले नाही.

दारव्ह्याला उतरल्यावर सर घरी गेलेच नाहीत. सरळ स्टँडवर, बाबांच्या जीपपाशी. साऱ्या स्टिका जीपच्या टपावर ठेवल्या. "नाई झालं भाऊ," म्हणाले.

बाबा खाली उतरले. बाबांना वाईट वाटलं होतं, मला दिसत होतं. "फौजी, ते मी असंच बोललो होतो."

"मी असंच नवतो बोललो," सर म्हणाले आणि निघून गेले.

नंतर सर फक्त फिरायचे. सकाळी बाजारातून, दुपारी तांड्याच्या रस्त्यानं, संध्याकाळी पुन्हा बाजारातून. लोक हाक मारायचे, "सर, त्या बर्फाचं काय झालं?" सर हात हलवून पुढं जायचे. मला ते समोरून दिसले की मी दुसऱ्या गल्लीत वळायची. राग होता. आणि रागाच्या खाली जे होतं त्याची मला जास्त भीती वाटत होती. त्यांची जबान माझ्या पायात होती आणि मी ती फळ्यांवर आदळली होती.

आषाढी आली. पोरी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ताई, हॉलले कुलूप हाये." मी म्हटलं, मग मी काय करू? पण माझे पाय शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. चक्कीवर गेले. किल्ली तिथं खिळ्याला लटकलेली. काकू पिठानं पांढरी झालेली, मला म्हणाली, "ने बाई, ने. हा मानूस घरातल्या घरात फिरून फिरून मरून राह्यला. त्यानं जबान दिली, तू तं नाई ना दिली?"

हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. टपावरच्या स्टिका बाबांनीच काढून दिल्या. मी हॉल उघडला आणि शिकवायला लागले. मान वर, गुडघे, चकती, आणि थांबणं. फरशीवर साबणाचं पाणी टाकून, मोज्यांवर पळत येऊन पाय आडवे टाकायचे. खांदा आधी, वजन मध्ये. ते आता कोणी मला विचारलं तर मी सांगू शकत होते.

दुसऱ्या दिवसापासून सर हॉलच्या जाळीबाहेर दिसायला लागले. आत येत नव्हते. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा, आणि एक हात तोंडावर दाबलेला. एखादी पोरगी चुकली की तो हात आणखी घट्ट व्हायचा. एकदा मीच चुकीचं सांगितलं, तर त्यांनी जाळीला डोकं टेकवलं, पण तोंडातून शब्द नाही. असं आठ दिवस. त्या आठ दिवसांत माझा राग कधी गेला, मला कळलं नाही.

नवव्या दिवशी त्यांनी चपला दारात काढल्या आणि आत आले. आम्ही साऱ्या जागच्या जागी थांबलो. ते माझ्यापाशी आले आणि हळू बोलले, पोरींना ऐकू जाऊ नये असं.

"शिकवनार नाई, हे म्हनलो होतो. शिकनार नाई, असं म्हनलो काय कुठी?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. पन्नाशीचा माणूस, मिश्या अर्ध्या पांढऱ्या, आणि डोळ्यांत अशी भीती की मी "नाही" म्हणेन. मला रडू आलं, मी ते खोकल्यात घातलं. मग सगळ्यांत मोठा जोड आणला. सर खांब धरून उभे राहिले, मी खाली वाकून एकेक पाय आत घातला आणि लेस ओढून बांधल्या. खांबावरचा हात सुटेना, मीच बोटं एकेक करून सोडवली.

"धरून ठेवजो बाई," सर म्हणाले. "सोडू नको."

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि उलटी सरकत, हळूहळू, त्यांना फरशीच्या मधोमध घेऊन गेले.